काँगोला निघण्यापूर्वी...

खराडी : लोहगाव विमानतळापासून काही किलोमीटरवर असलेल्या खराडीतील नोकरदाराला दुबई किंवा सिंगापूरचा प्रवास आता नवा राहिलेला नाही. मात्र दूरसंचार, खाणकाम, औषधे आणि व्यापाराच्या निमित्ताने मध्य आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे (किन्शासा) बोलावणे आले, की घरात पहिला प्रश्न सुरक्षिततेचाच उभा राहतो. हा प्रश्न अनाठायी नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस 'एम २३' या बंडखोर गटाने पूर्वेकडील गोमा शहर ताब्यात घेतले. फेब्रुवारीच्या मध्यास बुकावूही पडले. त्या वेळी काँगोत सुमारे २५ हजार, तर एकट्या गोमात सुमारे एक हजार भारतीय होते. त्यांतील बहुतेकांना सुरक्षित ठिकाणी हलावे लागले. अशा देशात जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी, याचा हा आढावा.

काँगो कोणता?

'काँगो' या नावाचे दोन देश आहेत. किन्शासा राजधानी असलेला लोकशाही काँगो आणि ब्राझाव्हिल राजधानी असलेला काँगो. दोन्ही राजधान्या काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. पण व्हिसा, चलन आणि सीमा स्वतंत्र आहेत. तिकीट आणि व्हिसा अर्जावर शहराचे नाव दोनदा तपासावे. लोकशाही काँगो क्षेत्रफळाने भारताच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. त्यामुळे 'काँगोत लढाई सुरू आहे' हे विधान जितके खरे, तितकेच अपुरे आहे. आपले कामाचे ठिकाण नेमके कोणत्या प्रांतात आहे, ही माहिती प्रवासाचा निर्णय घेण्यापूर्वी मिळवणे अत्यावश्यक ठरते.

कोठे जावे, कोठे जाऊ नये

राजधानी किन्शासा आणि दक्षिणेकडील खाणपट्ट्यातील लुबुम्बाशी व कोल्वेझी येथे व्यवहार सुरू असतात. याउलट उत्तर किवू, दक्षिण किवू आणि इतुरी हे पूर्वेकडील प्रांत प्रवाशांसाठी धोक्याचे आहेत. उत्तर किवू व इतुरीत मे २०२१ मध्ये लष्करी प्रशासन लागू झाले. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे काँगो आणि रवांडा यांच्यात शांतता करार झाला. डिसेंबरात दोन्ही राष्ट्राध्यक्षांनीही स्वाक्षऱ्या केल्या. तरीही त्याच महिन्यात बंडखोर उविरा शहरात शिरले. कागदावरील करार आणि रस्त्यावरील परिस्थिती यांत अंतर असते, हा यातला बोध. 'करार झाला, आता काही नाही' असे कंपनीचा प्रतिनिधी म्हणत असेल, तरी पूर्वेकडील काम नाकारण्यात संकोच बाळगू नये.

किन्शासाही सर्वस्वी निर्धोक नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी तेथे जमावाने अनेक परदेशी दूतावासांवर हल्ले केले. मे २०१६ मध्ये दिल्लीत एका काँगोली तरुणाची हत्या झाल्यावर किन्शासातील भारतीयांच्या दुकानांवर दगडफेक झाली होती. भारतातील घटनेचे पडसाद तेथे उमटू शकतात, हे ध्यानात ठेवून भारतातील बातम्यांवरही नजर असावी.

लस आधी, तिकीट नंतर

काँगोत प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य धरले जाते. २०१६ पासून ते आजन्म वैध आहे. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच घ्यावी. पुण्यात बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय येथे ती सोय आहे. लसीकरणाचे वार ठरलेले असतात आणि नोंदणी आधी करावी लागते. मूळ पारपत्र सोबत न्यावे. साठीपुढील व्यक्ती, गर्भवती आणि अंड्याची अॅलर्जी असलेल्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रमाणपत्राची गरज परतीच्या प्रवासातही लागते. ते नसल्यास भारतात उतरताच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

खरा शत्रू मात्र मलेरिया. तेथील मलेरिया मुख्यत्वे फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचू शकणारा असतो. प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. काही प्रकारांत तब्बल चार आठवडे. कोणती गोळी घ्यावी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. मच्छरदाणी आणि लांब बाह्यांचे कपडे यांना पर्याय नाही. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना 'काँगोहून आलो आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. साध्या तापावरील उपचारांत गेलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात.

टायफॉइड, कावीळ आणि पोलिओच्या लसींबाबतही विचारणा करावी. इबोलाचा विषाणू १९७६ मध्ये याच देशात प्रथम आढळला. सप्टेंबर २०२५ मध्ये कसाई प्रांतात त्याचा पुन्हा उद्रेक झाला. साथ चालू असलेल्या प्रांतात जाणे, रानटी प्राण्यांचे मांस आणि आजारी व्यक्तीचा स्पर्श टाळणे, हीच त्यावरील खबरदारी.

कागदपत्रे आणि नोकरीचा करार

व्हिसा नवी दिल्लीतील काँगोच्या दूतावासातून मिळतो. त्यासाठी तेथील संस्थेचे प्रमाणित निमंत्रणपत्र लागते. म्हणून किमान सहा आठवडे हाताशी ठेवावेत. पारपत्राची मुदत संपत आली असल्यास खराडीकरांना मुंढव्याचे पारपत्र सेवा केंद्र जवळचे आहे.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी एक बाब विशेष लक्षात घ्यावी. ज्या १८ देशांसाठी उत्प्रवासन तपासणी सक्तीची आहे, त्या यादीत काँगो नाही. परिणामी कामगाराचा करार सरकारी कार्यालयात तपासला जाईलच असे नाही. पगार, परतीचे तिकीट, वैद्यकीय खर्च आणि संकटकाळी बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, हे चारही मुद्दे लेखी असल्याशिवाय सही करू नये. नोकरी एजंटामार्फत मिळत असेल, तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पडताळावी. पारपत्र मालकाकडे कायमचे सुपूर्द करू नये.

सर्वसाधारण प्रवास विम्यातून युद्ध आणि दंगल बहुधा वगळलेली असते. हवाई रुग्णवाहिकेचा खर्च समाविष्ट आहे का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचावे.

प्रवास आणि पैसा

पुण्याहून काँगोला थेट विमान नाही. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किन्शासा गाठता येते. किन्शासाचे घड्याळ भारताच्या साडेचार तास, तर लुबुम्बाशीचे साडेतीन तास मागे असते. विमानाची वेळ दिवसा उतरणारी निवडावी आणि नेण्यासाठी येणाऱ्या व्यक्तीचे नाव व छायाचित्र आधी मागवावे. 'गो-पास' नावाचे विमानतळ शुल्क तिकिटात धरले आहे का, हे विचारून घ्यावे. पावसाळा ऑक्टोबर ते मे असा लांबतो. एप्रिल २०२५ च्या पुरात किन्शासाहून विमानतळाकडे जाणारा रस्ताच बंद पडला होता. परतीच्या दिवशी हाताशी भरपूर वेळ ठेवावा.

व्यवहार काँगोली फ्रँक आणि अमेरिकी डॉलरमध्ये चालतो. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या असाव्यात. फाटकी वा शाई लागलेली नोट दुकानदार परत करतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन नेता येते. शेअर टॅक्सीत लुटीचे प्रकार घडतात. त्यामुळे ओळखीच्या चालकाचे वाहनच वापरावे. विमानतळ, पूल, नदीकाठ, सरकारी इमारती आणि सैनिक यांची छायाचित्रे काढू नयेत. कॅमेरा जप्त होणे हा त्यातला सौम्य परिणाम.

भाषा आणि भोजन

राजभाषा फ्रेंच असली, तरी किन्शासात लिंगाला आणि पूर्व व दक्षिणेत स्वाहिली बोलली जाते. स्वाहिलीतील 'चाय', 'दुका', 'हेसाबू', 'हबारी' हे शब्द मराठी माणसाला चहा, दुकान, हिशेब आणि खबर यांची आठवण करून देतील. किन्शासात 'म्बोते' असा नमस्कार केला, की समोरचा माणूस खुलतो. कसाव्याच्या पिठाचा 'फुफू' हे मुख्य अन्न. कसाव्याच्या पाल्याची भाजी शाकाहारी दिसली, तरी तिच्यात बहुधा मासळी असते. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलेच प्यावे.

संकट आले तर

पोहोचल्याबरोबर किन्शासातील भारतीय दूतावासाकडे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक नोंदवावा. पूर्व काँगोतील लढाईच्या वेळी दूतावासाने भारतीयांना ओळखपत्रे, औषधे, कपडे, कोरडा खाऊ आणि पाणी यांची पिशवी तयार ठेवण्याची सूचना केली होती. ही पिशवी पहिल्या दिवसापासूनच भरलेली असावी. घरच्यांशी दररोज संपर्काची एक वेळ ठरवावी आणि पारपत्र, व्हिसा व विम्याच्या प्रती त्यांच्याकडे ठेवाव्यात. बाहेर पडण्याचा सल्ला मिळाल्यास विमानतळ सुरू असेपर्यंतच निघावे. गोमाचा विमानतळ जानेवारी २०२५ च्या लढाईत बंद पडला आणि उशीर करणाऱ्यांपुढे सीमा ओलांडून रवांडात जाण्यावाचून फारसा पर्याय उरला नाही.

काँगोशी भारताचे नाते जुने आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल (आजचे लुबुम्बाशी) येथे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जुलै २०२२ मध्ये बुटेम्बो येथे सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. शस्त्रसज्ज जवानांनाही जेथे प्राणांचे मोल द्यावे लागले, तेथे सामान्य प्रवाशाचे संरक्षण म्हणजे त्याची पूर्वतयारी आणि वेळीच 'नाही' म्हणण्याची हिंमत. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालय व दूतावासाच्या ताज्या सूचना पुन्हा वाचाव्यात आणि त्यानंतरच सामान बांधावे.