हलक्या पायाची विद्या

ज्या देशात पेट्रोल पाण्याच्या मोलाने विकले जात होते, त्या अमेरिकेतच ते जपून वापरण्याच्या विद्येला जाहीर शर्यतीचे स्वरूप यावे, ही मोटारीच्या इतिहासातील मोठी मनोज्ञ घटना होय. १९३६ साली गिलमोर ऑइल कंपनीने लॉस एंजेलिसहून योसेमिटीपर्यंत जी दौड भरवली, तीत मान वेगाला नव्हता, अल्पतम इंधनात मार्ग आक्रमणाऱ्या गाडीला होता. महायुद्धामुळे खंडित झालेली ही प्रथा १९५० मध्ये मोबिलगॅसच्या नावाने पुन्हा सुरू होऊन १९६८ पर्यंत चालली. गाड्या बाजारात मिळत तशाच घेतलेल्या आणि प्रत्येकीत निरीक्षक बसलेला. तेव्हा ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवणे, वरच्या गिअरवर वेळीच जाणे, पुढचा सिग्नल दुरूनच हेरून ब्रेक लावण्याचा प्रसंगच येऊ न देणे, यांवरच चालकाची सारी भिस्त असे. कारण ब्रेक दाबताच जो वेग उष्णता होऊन वाया जातो, तो परत मिळवायला पुन्हा पेट्रोलच जाळावे लागते.

इलिनॉयमधील वुड रिव्हर येथे शेलच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९३९ साली आपसांत लावलेल्या पैजेत विजेत्याने गॅलनला ४९.७३ मैल, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर, मजल मारली. १९७३ मध्ये त्याच स्पर्धेत १९५९ सालच्या एका ओपेलने ३७६.५९ मैलांचा विक्रम केला. परंतु ती गाडी मुळापासून बदललेली होती. सामान्य माणसाला शिकण्याजोगे मोबिलच्या दौडीतच अधिक होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली आणि जी गोष्ट हौसेची होती ती सरकारी अंमलाची झाली: अध्यक्ष निक्सन यांनी २ जानेवारी १९७४ रोजी मंजूर केलेल्या कायद्याने ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा देशभर लागू झाली, ती १९९५ पर्यंत राहिली. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा त्या हुकुमामागचा शास्त्रीय आधार. आपल्याकडे १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा उपदेश केला, तोही याच न्यायाने.

मात्र कार्ब्युरेटरच्या जमान्यातील एक सवय आता टाकून द्यावी. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचते, हा समज आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांना लागू नाही; गिअर तसाच ठेवून पाय उचलला, तर इंधनाचा पुरवठाच थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते, शिवाय सारा भार ब्रेकवर येतो. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने गाडी गिअरमध्येच ठेवावी, ही कळकळीची विनंती.