कोसला
भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी. १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती प्रकाशित केली, तेव्हा लेखक जेमतेम पंचविशीचे होते. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहात रमतो, वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि अखेर गावी परततो. कथानक एवढेच. नायक काहीही कमावत नाही. तरीही घर सोडून शिकावयास गेलेल्या मराठी मुलांना तो पिढ्यान्‌पिढ्या आपला वाटत आला आहे.

याचे श्रेय बव्हंशी भाषेला जाते. तत्कालीन अलंकृत गद्य झुगारून पांडुरंग बोलावे तसे सांगत जातो. दुःख थट्टेत लपवतो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते, तिथे मात्र ही थट्टा त्याला पुरी पडत नाही. बाकी सारे पुस्तक पुसट झालेल्या वाचकांच्याही मनातून हा भाग जात नाही. विशीत पांडुरंगाची कड घेणारे वाचक चाळिशीत पुन्हा वाचताना पैसे पाठवणाऱ्या त्याच्या वडिलांपाशी थबकतात; ज्यांच्यावर पांडुरंगाचा इतका राग, त्यांच्यापाशी!

पुढे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांत नेमाडे यांनी चांगदेव पाटील हा नायक उभा केला. गोवा विद्यापीठात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. २०१४ साठीच्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांना गौरविण्यात आले. ‘कोसला’चा सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘ककून’ या नावाने प्रसिद्ध आहे.