बंद दारं आणि तपासनीस: केअर क्वालिटी कमिशनची वाटचाल

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवडिलांची एका प्रश्नापासून सुटका नसते: आमच्यामागे याचं कसं होणार? महाराष्ट्रात पालकांनीच एकत्र येऊन काही निवासी घरं उभी केली, ती याच काळजीपोटी. पण घर मिळालं तरी काळजी मिटत नाही. आपली पाठ वळल्यावर तिथे काय चालतं, हे पाहणार कोण? इंग्लंडने या कामासाठी सरकारी यंत्रणा उभारली, मोडली, पुन्हा उभारली. तिची वाटचाल आपल्या पालकांनी आणि संस्थाचालकांनी बारकाईने पाहावी अशी आहे.

आजच्या तपासणीची सुरुवात एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून झाली. १९६७ साली वेल्समधल्या कार्डिफच्या, बौद्धिक अक्षम व्यक्तींना ठेवणाऱ्या ईली रुग्णालयात रुग्णांना मारहाण होते, त्यांच्या वस्तू चोरल्या जातात, असं तिथल्या एका शुश्रूषा साहाय्यकाने सांगितलं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. चौकशी जेफ्री हाव यांच्याकडे गेली. पुढे ते ब्रिटनचे अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री झाले. मार्च १९६९ मध्ये अहवाल आला तेव्हा तो पूर्ण प्रसिद्ध करायचा, असा आग्रह मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी धरला. त्यातूनच अशा रुग्णालयांना भेटी देणारी स्वतंत्र यंत्रणा निघाली. १९७१ च्या श्वेतपत्रिकेने रुग्णालयातली माणसं वस्तीतल्या घरांकडे न्यायची दिशा ठरवली. प्रत्यक्षात त्याला अनेक दशकं लागली.

मधली वर्षं नावं बदलण्यात गेली. २००२ मध्ये एक आयोग आला, दोन वर्षांत त्याची जागा दुसऱ्याने घेतली. अखेर २००८ च्या कायद्याने आरोग्य, सामाजिक देखभाल आणि मानसिक आरोग्य कायद्याची अंमलबजावणी पाहणारे तीन आयोग एक करून १ एप्रिल २००९ रोजी केअर क्वालिटी कमिशनचं काम सुरू झालं. पसारा अवाढव्य होता: मोठी रुग्णालयं, दंतवैद्य, वृद्धाश्रम आणि बौद्धिक अक्षम व्यक्तींची निवासस्थानंही.

दोनच वर्षांत विंटरबोर्न व्ह्यू प्रकरण उघडकीला आलं. ब्रिस्टलजवळचं हे बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठीचं २४ खाटांचं खाजगी रुग्णालय. एका व्यक्तीमागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी तिजोरीतून जात. टेरी ब्रायन या अनुभवी परिचारकाने २०१० च्या अखेरीस व्यवस्थापनाला लेखी कळवलं आणि आयोगालाही कळवलं. कोणी हललं नाही. मग बीबीसीच्या ‘पॅनोरामा’चा एक पत्रकार देखभाल कर्मचारी म्हणून आत गेला. ३१ मे २०११ रोजी देशाने पाहिलं ते असं: माणसांना जमिनीवर दाबून धरलंय, चापट्या मारल्या जाताहेत, एका तरुण मुलीला अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली ढकललंय. ती मुलगी घरी सांगत होती. असं कोणी करूच शकत नाही, तशी परवानगीच नसते, अशी तिचे आईवडील तिची समजूत घालत होते.

मार्गारेट फ्लिन यांचा या प्रकरणावरचा ऑगस्ट २०१२ चा अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती माहितीची फाटाफूट. स्थानिक परिषदेकडे सुरक्षिततेच्या ४० सूचना आल्या होत्या. पोलिसांकडे २९ घटनांची नोंद होती. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात इथले रुग्ण सत्तरहून अधिक वेळा नेले गेले होते. प्रत्येक कार्यालयाने आपापला कागद आपापल्या फाइलीत लावला. हे सगळं एका टेबलावर कधी आलंच नाही. आणि भेटीला आलेल्या घरच्यांना वरच्या मजल्यावर, मुलाच्या खोलीत जाऊ देत नसत. त्याची गादी कशी आहे, कपाटात काय आहे, हे आईला पाहता येत नसेल तर तिथेच धोक्याची घंटा वाजायला हवी. अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले.

आयोगाने चूक मान्य केली आणि पद्धत बदलली. २०१४ पासून चार श्रेणी आल्या: उत्कृष्ट, चांगले, सुधारणा हवी, अपुरे. पाच प्रश्न ठरले, त्यातला पहिला ‘इथे माणूस सुरक्षित आहे का’ हा. तरीही मे २०१९ मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉल या अशाच खाजगी रुग्णालयातल्या छळाचं चित्रीकरण बाहेर आलं. पुन्हा ‘पॅनोरामा’, पुन्हा छुपा कॅमेरा. या जागेला आयोगाने ‘चांगले’ अशी श्रेणी दिलेली होती. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे २०१५ मध्ये आयोगाच्याच तपासनीसांनी तिथल्या त्रुटी लिहून ठेवल्या होत्या आणि तो अहवाल प्रसिद्धच झाला नव्हता. तो दडून राहायला नको होता, असं जानेवारी २०२० च्या चौकशीने स्पष्ट म्हटलं. २०२३ मध्ये चार कर्मचारी दोषी ठरले.

केंट विद्यापीठाच्या प्राध्यापक ग्लिनिस मर्फी यांनी २०२० मध्ये आयोगाला दोन अहवाल दिले. न सांगता जा, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी जा, असं त्यांनी सुचवलं. गावापासून तुटलेली जागा, सतत बदलणारे कर्मचारी, व्यवस्थापकाचा पत्ता नसणं, माणसांना वारंवार दाबून धरणं, या खुणा एकत्र दिसल्या की जागं व्हायचं. अशा जागांमधल्या वातावरणाला आयोग आता ‘बंदिस्त संस्कृती’ म्हणतो.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचं काय, या प्रश्नावर आयोगाने ब्रॅडफर्ड विद्यापीठासोबत बसवलेली पद्धत मला फार मोलाची वाटते. तपासनीस दिवाणखान्यात एका कोपऱ्यात बसतो आणि मोजक्या चार-पाच जणांवर लक्ष ठेवतो. दर पाच मिनिटांच्या टप्प्याची नोंद: चेहरा खुलला की मिटला, माणूस कशात गुंतलाय की नुसता बसलाय, कर्मचारी जवळ आला तेव्हा काय बोलला, की न बोलताच हात धरून ओढलं. रजिस्टर कितीही नीट लिहिलेलं असो, अर्धा तास असं बसलं की घराचा स्वभाव कळतो. तपासणीला स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली किंवा अशा व्यक्तीला सांभाळलेली माणसंही जातात. ज्याने अशा घरात दिवस काढलेत, तो जेवणाच्या टेबलावरची भीती लगेच ओळखतो.

नव्या घरांची नोंदणी करतानाही आयोग आता आकार पाहतो. साधारणपणे सहा किंवा त्याहून कमी माणसांचं, वस्तीतलं घर त्याला हवं. मोठी इमारत, लांबची जागा, एकाच आवारात अनेक युनिट, असा प्रस्ताव नाकारला जाऊ शकतो.

एवढं शिकूनही यंत्रणा थकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाच्या कारभारावरचा पेनी डॅश यांचा अहवाल आला. २०१९ मध्ये सुमारे १६ हजार तपासण्या झाल्या होत्या, २०२३ मध्ये त्या सात हजारांच्या आसपास आल्या. पाचातल्या एका ठिकाणाला श्रेणीच मिळालेली नव्हती. नवी संगणक प्रणाली चालेना, अनुभवी तपासनीस निघून गेले.

विंटरबोर्ननंतर सरकारने जून २०१४ पर्यंत चुकीच्या जागी असलेली माणसं रुग्णालयांतून बाहेर काढण्याचं वचन दिलं होतं. ती मुदत टळली. २०२४ मध्येही बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेले दोन हजारांच्या आसपास लोक रुग्णालयांतच होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलेल्या विधेयकात, केवळ अक्षमता किंवा ऑटिझम या कारणावरून कोणाला दीर्घकाळ डांबून ठेवता येऊ नये, अशी तरतूद होती. ही माणसं बाहेर येतील तेव्हा त्यांना लहान घरं लागतील, शिकवलेले कर्मचारी लागतील आणि न सांगता येऊन कोपऱ्यात बसणारे तपासनीसही लागतील.