मधुमेहींच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या संस्था

मधुमेहाचा रुग्ण वर्षातून चार-सहा वेळा डॉक्टरांसमोर बसतो. उरलेले दिवस काय खावे, गोळी केव्हा घ्यावी, इन्सुलिनची किती एकके टोचावीत आणि अचानक हातपाय थरथरू लागले तर काय करावे, याचे निर्णय त्याला स्वतःलाच घ्यावे लागतात. या उरलेल्या दिवसांसाठी रुग्णाला जाणते करणे, औषध परवडत नसल्यास ते मिळवून देणे आणि त्याची बाजू समाजापुढे व शासनापुढे मांडणे, ही तीन कामे अंगावर घेणाऱ्या संस्था गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या देशांत उभ्या राहिल्या.

गोव्याला या विषयाची निकड अधिक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. साधारण दर चार प्रौढांमागे एक, असा हा हिशेब आहे.

लिस्बनमधील आरंभ

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. संशोधकांनी त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एक डॉलरला दिले. तरीही हे औषध गरिबाच्या आवाक्यात आले नाही. जगण्याचा उपाय सापडला होता, पण तो विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी काय करावे, हा प्रश्न उरलाच.

बॉस्टन येथे इन्सुलिनचा परिणाम प्रत्यक्ष पाहून मायदेशी परतलेले पोर्तुगीज डॉक्टर एर्नेश्तो रोमा यांनी या प्रश्नाला संस्थेच्या रूपाने उत्तर दिले. १३ मे १९२६ रोजी लिस्बनमध्ये त्यांनी गरीब मधुमेहींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. मधुमेहींसाठीची ही जगातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. गोवा तेव्हा त्याच लिस्बनच्या सत्तेखाली होता. गरजूंना इन्सुलिन पुरवणे आणि रुग्णाला आपला आजार आपण सांभाळण्यास शिकवणे, या दोन्ही गोष्टी संस्थेने आरंभापासून एकत्र ठेवल्या. नुसते औषध दिले आणि ते वापरायचे कसे हे शिकवले नाही, तर इन्सुलिन हेच संकट ठरू शकते. मात्रा अधिक झाली की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

रुग्ण आणि पालक पुढे आले

आठ वर्षांनी लंडनमध्ये निघालेल्या संघटनेचे वैशिष्ट्य असे की तिचे दोन्ही संस्थापक स्वतः मधुमेही होते. डॉ. आर. डी. लॉरेन्स यांचे प्राण १९२३ साली इन्सुलिनमुळेच वाचले होते. दुसरे संस्थापक म्हणजे विख्यात कादंबरीकार एच. जी. वेल्स. वेल्स यांनी १९३४ च्या जानेवारीत ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्र लिहून मधुमेहींना संघटित होण्याचे आवाहन केले आणि त्यातून ‘डायबेटिक असोसिएशन’ उभी राहिली. आज ती ‘डायबेटिस यूके’ या नावाने ओळखली जाते. मधुमेही हा केवळ उपचार घेणारा नसून आपल्या गरजा सांगणारा नागरिक आहे, ही भूमिका या संघटनेमुळे रुजली.

अमेरिकेत १९४० साली डॉक्टरांनी ‘अमेरिकन डायबेटिस असोसिएशन’ स्थापन केली. १९७० मध्ये तेथेच टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांनी संशोधनासाठी निधी जमवणारी स्वतंत्र संस्था काढली. देशोदेशींच्या संघटनांना जोडणारा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ १९५० पासून कार्यरत आहे. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर

भारतात डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ साली मुंबईत ‘डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन झाली. माहीमचे एस. एल. रहेजा रुग्णालय या संस्थेशी निगडित आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेली ‘रिसर्च सोसायटी फॉर द स्टडी ऑफ डायबेटिस इन इंडिया’ ही प्रामुख्याने डॉक्टर व संशोधकांची संघटना होय.

लिस्बनच्या संस्थेशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे काम मात्र टाइप १ च्या मुलांसाठी चालते. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते रोज बाहेरून द्यावे लागते आणि थांबले तर काही दिवसांत जीवावर बेतते. गरीब कुटुंबातील अशा मुलांसाठी नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी ‘ड्रीम ट्रस्ट’ उभा केला, तर छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था काम करते. इन्सुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या यांच्या जोडीला आईवडिलांची समजूत घालणे हाही या कामाचा भाग असतो. मुलीला मधुमेह आहे हे लग्नाच्या चिंतेने लपवणारी घरे आजही आहेत आणि अशा लपवाछपवीत इन्सुलिनच्या वेळा चुकतात.

माहिती आपल्या ताटातली हवी

रुग्णाच्या शिक्षणाला शास्त्रीय आधार आहे. अमेरिका व कॅनडातील टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये जाहीर झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी लक्षणीयरीत्या टळते किंवा लांबते, हे त्यातून सिद्ध झाले. ही शिस्त घरीच पाळायची असल्याने शिक्षण हा उपचाराचाच भाग ठरतो.

हे शिक्षण रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या स्वयंपाकघराला धरून असावे लागते. दोन्ही वेळा शीतकडी जेवणाऱ्या, सकाळी पाव आणि मधल्या वेळी पेज घेणाऱ्या माणसाच्या हाती चपात्यांची संख्या सांगणारा तक्ता दिला, तर तो घडी घालून ठेवून दिला जातो. शीत किती वाढावे, त्याबरोबर भाजी व नुस्ते किती असावे, चवथीच्या दिवसांत नेवऱ्यांचे काय करावे, याची उत्तरे देणारी संस्थाच रुग्णाच्या उपयोगी पडते.

काही गोष्टी तर प्रत्येक घरात ठाऊक असायला हव्यात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. डोळ्यांचा पडदा, पावले आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी वर्षातून एकदा करावी. एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी किमान दोनदा करून घ्यावी.

संस्था कशी पारखावी

मधुमेह कायमचा बरा करण्याची हमी देणारी, इन्सुलिन बंद करायला सांगणारी किंवा स्वतःचीच उत्पादने विकणारी संस्था आधारसंस्था म्हणवून घेण्यास पात्र नाही. विश्वासार्ह संस्था आपला निधी कोठून येतो हे उघड सांगते, तिच्या माहितीमागे पात्र डॉक्टर व आहारतज्ज्ञ असतात आणि शिबिरात साखर वाढलेली आढळलेल्या माणसाचा ती पुढेही पाठपुरावा करते. जवळपास अशी संस्था नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्यांच्या मधुमेह तपासणीची तरतूद आहे आणि जनऔषधी केंद्रांत नेहमीच्या गोळ्या स्वस्तात मिळतात.

जागतिक मधुमेह दिन आपल्याकडे बालदिनीच येतो. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या दप्तरात इन्सुलिनचे पेन आणि साखरेची पुडी असेल, तर ती कशासाठी आहे हे त्याच्या शिक्षकांना ठाऊक असणे, हे त्या दिवसाचे सर्वांत साधे आणि सर्वांत आवश्यक काम होय.