वासरातले वर्ष

गुढीपाडव्याला पंचांगात वाचतात ते ‘संवत्सर’ आणि गोठ्यातले वासरू एकाच कुळातले. संस्कृतात वत्सर म्हणजे वर्ष आणि वत्स म्हणजे मुळात वर्षभराचे जनावर, असे भाषाभ्यासक मानतात. लॅटिनमधला वासराचा ‘विटुलुस’ आणि ग्रीकमधला वर्षाचा ‘एतोस’ ही त्यांची दूरची भावंडे.

वत्सावरूनच हिंदीत बछडा आला, मराठीत वासरू. वासराला चाटणारी गाय ती वत्सला. तिच्या मायेतून वात्सल्य हा देखणा शब्द घडला. पुढे गुरू शिष्यालाही ‘वत्सा’ म्हणू लागले.

गाय-वासराची ही जोडी राजकारणातही पोचली: १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे चिन्ह गाय-वासरू होते.

गोठ्यात मात्र नुसते वासरू म्हणून भागत नाही. मादी ती कालवड, नर तो गोऱ्हा. म्हशीचे ते रेडकू. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ मात्र शहरातही सर्रास ऐकू येते.