अहिरांचा मुलूख आणि न सोसणारे दूध

आपल्या चोपड्याकडे एखाद्या घरी पाहुणे म्हणून गेलात आणि "मला दूध नको" म्हणालात, तर घरची माणसं काय म्हणतील? "अहो, घरच्या म्हशीचं आहे, पाण्याचा थेंब नाही!" पेला हातात येतोच. मीही असे पुष्कळ पेले रिचवले. तासा-दीड तासात पोट फुगायचे, गुडगुडायचे, आणि वर्गात शिकवता शिकवता मध्येच बाहेर धावावे लागायचे. पस्तिशी उलटेपर्यंत मी आपला खाणावळीच्या तिखटालाच दोष देत होतो.

आता गंमत पाहा. आपला खानदेश हा गुराख्यांचा मुलूख. अहिराणी हे आपल्या बोलीचे नावच आभीर, म्हणजे अहीर, या गोपालक लोकांवरून आले असे मानतात. नाशिकच्या लेण्यांत ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षाचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली आणि तिच्या व्याजातून आजारी भिक्षूंच्या औषधपाण्याची सोय केली, असे त्यात कोरले आहे. त्याहून मागे जायचे तर तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे आहे. तिथे १९५५ साली उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. त्या काळातल्या महाराष्ट्रातील वस्त्यांत गाईबैलांची हाडे सापडतातच.

मग जिथे इतकी जुनी गुरे, तिथल्या माणसाला दूध का सोसू नये?

दुधात एक साखर असते. तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचकरस लागतो. तान्ह्या बाळाकडे तो भरपूर असतो. अंगावरचे दूध सुटले की पुढे हळूहळू कमी होतो. हा सर्व सस्तन प्राण्यांचा नियम आहे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो, पाणी सुटते. म्हणजे मोठेपणी दूध न पचणे ही जुनी रीत, आणि पचणे हाच अपवाद! युरोपातल्या बहुतेकांना दूध पचते, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत अपवादाचा नियम होऊन बसला. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वंशांच्या लोकांची तुलना केली, तेव्हा हा समज ढळू लागला. २००२ साली फिनलंडच्या संशोधकांना दूध पचवणाऱ्यांतला आनुवंशिक बदल सापडला. पुढे भारतीयांच्या तपासणीत तोच बदल वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळला. आपण मधले. एकाच पंगतीत एकाला बासुंदी पचते आणि शेजाऱ्याला नाही, त्यात नवल ते काय?

आपल्या पूर्वजांना लॅक्टेज ठाऊक नव्हते, पण ताक ठाऊक होते. चरकसंहितेत ग्रहणी आणि मूळव्याध या विकारांवर ताक सांगितले आहे. विरजणातले जंतू काही साखर आधीच फस्त करतात आणि उरलेली पचायलाही हातभार लावतात. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. माझे मत विचाराल तर आपल्याकडची घुसळणखांबाची परंपरा दूध टिकवण्याइतकीच पोट सांभाळण्यासाठीही असावी.

आता ओळखायचे कसे? दूध घेतल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगणे, कळ येणे, वारा सरणे, पातळ होणे, आणि असे दर वेळी होणे, ही खूण. दोन आठवडे दूध, खवा, पेढे बंद ठेवा, वहीत टिपा, मग थोडे घेऊन पाहा. शहरातल्या दवाखान्यांत श्वासातला हायड्रोजन मोजून खात्री करतात. मात्र शौचात रक्त, ताप, वजन घटणे, रात्री कळांनी जाग येणे, यांतले काही असेल तर दुधावर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा. जुलाबाच्या साथीनंतरही काही दिवस दूध सोसत नाही. ते बहुधा आपोआप बरे होते. तान्ह्या बाळाचे आईचे दूध तर मनाने कधीच तोडू नका.

दूध अजिबात सोडावे लागते असेही नाही. पावशेर दुधात सुमारे बारा ग्रॅम दुग्धशर्करा असते, आणि तेवढी पुष्कळांना जेवणाबरोबर चालते. उपाशीपोटी तीच बाधते. चहातले दूध बहुतेकांना त्रास देत नाही. खव्यात मात्र साखर आटून दाट झालेली असते. दूध कमी केलेत तर हाडांसाठी दही, ताक, नाचणी, तीळ, राजगिरा यांकडे लक्ष असू द्या. आणि गुरुजी, वर्गातले एखादे पोर दुधाचा पेला बाजूला सारत असेल तर त्याला लाडावलेले म्हणण्याआधी त्याच्या पोटाची चौकशी करा.

माझे म्हणाल तर पुरणाच्या मांड्यांबरोबर आता मी अर्धी वाटीच दूध घेतो, आणि वर ताक. आई म्हणते, "तुझे आजोबाही असंच करायचे." हे तिने वीस वर्षांपूर्वी का सांगितले नाही, ते विचारायचे अजून राहिले आहे.