मद्यप्रभाव-मापन
मद्यप्राशनानंतर व्यक्तीला स्वतःला जाणवणाऱ्या उत्तेजक व शामक परिणामांचे परिमाण ठरविण्याची पद्धती. मद्याचा प्रभाव सामान्यतः दुहेरी असतो. रक्तातील अल्कोहॉलाचे प्रमाण वाढत असताना उल्हास, उत्साह व बोलकेपणा, तर ते घटू लागल्यावर सुस्ती, डोके जड होणे व विचारांची मंदता हे परिणाम प्रामुख्याने जाणवतात.

या विषयाच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया जर्मन मानसोपचारतज्ञ एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांनी घातला. लाइपसिक येथे व्हिल्हेल्म व्हुंट यांच्या प्रयोगशाळेत आरंभिलेल्या या प्रयोगांचे निष्कर्ष १८९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अल्प मात्रेने प्रतिक्रियाकाल प्रथम कमी होतो व नंतर वाढतो, असे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्झ यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत, चवीवरून ओळखू न येणारे मद्यविरहित पेय तुलनेसाठी वापरण्याची आवश्यकता प्रतिपादिली. कारण मद्य घेतल्याची जाणीवही परिणाम घडविते. अमेरिकेत रेमंड डॉज व फ्रान्सिस बेनिडिक्ट यांनी १९१५ मध्ये प्रतिक्षेपी क्रिया व नेत्रांच्या हालचाली मोजून, मद्य हे मुख्यतः अवसादक असल्याचा निष्कर्ष काढला.

या सर्व प्रयोगांत बाह्य कृतीचे मापन झाले. पिणाऱ्याच्या अनुभूतीचे नव्हे. ही उणीव पुढे प्रश्नावल्यांनी भरून काढली. १९९३ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या द्विविध मद्यपरिणाम श्रेणीत चौदा विशेषणे असून त्यांपैकी सात उत्तेजनाची व सात शामकतेची निदर्शक आहेत. प्रत्येकाची तीव्रता ० ते १० या अंकांनी दर्शविली जाते. रक्तातील अल्कोहॉल चढत असताना व उतरत असताना, अशी दोन्ही वेळा ती भरून घेतात.

या मापनाचे महत्त्व केवळ सैद्धांतिक नाही. मार्क शुकिट यांनी सुमारे वीस वर्षे वयाच्या तरुणांना मद्य देऊन त्यांची प्रतिक्रिया नोंदविली व जवळजवळ दहा वर्षांनी त्यांची पुन्हा पाहणी केली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मद्यासक्तांच्या मुलांपैकी ज्यांना मद्याचा परिणाम कमी जाणवला होता त्यांतील ५६ टक्के, तर ज्यांना तो तीव्रतेने जाणवला होता त्यांतील केवळ १४ टक्के मद्यासक्त झाले. शिकागो येथील अँड्रिया किंग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अतिमद्यपान करणाऱ्यांना उत्तेजन अधिक व शामकता कमी जाणवते, असे दिसले. ‘मद्य पचविण्याची’ जी क्षमता लोकव्यवहारात बलाचे लक्षण मानली जाते, ती वस्तुतः धोक्याची पूर्वसूचना असू शकते, हे या मापनाने दाखवून दिले.